उचल की बटई? लातूरजवळच्या एका कुटुंबाच्या भाजी-सभासद शेतीचं प्रकरण

हे प्रकरण लातूर शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. हंगामाआधी पैसे भरायचे आणि दर आठवड्याला यांच्या रानातली भाजी घ्यायची, अशा पहिल्या 40 सभासद-घरांपैकी एक माझं. ते पैसे म्हणजे उचल, म्हणजे आधी घेतलेलं आणि फेडावंच लागणारं कर्ज, की बटई, म्हणजे पिकातला नफा-तोटा वाटून घेणारी भागीदारी, हा या प्रकरणातला प्रश्न. पुढे त्यांनी हिशेबाच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या आणि "चुकलं तेही लिहा" असं सांगितलं, म्हणून इतकं सविस्तर लिहिता येतंय.

पार्श्वभूमी

घरात आजी, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडं. जमीन साडेपाच एकर, एक विहीर, एक बोअर. वर्षानुवर्षांची पिकं म्हणजे सोयाबीन, तूर आणि मागून हरभरा किंवा ज्वारी. थोरला पूर्णवेळ शेतीत. धाकटा शहरात एका दुकानात नोकरीला, रोज येऊन-जाऊन करणारा.

भाजीकडे वळायचं कारण सोयाबीन. 2024 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायला यांच्याकडे ना जागा होती ना दम, शिवाय मालात ओल. तो अडतीवर, म्हणजे दलालामार्फत घाऊक बाजारात, 4,100 ने गेला. काढणी-मळणी, बी आणि फवारणी वजा केल्यावर एकरी जे उरलं ते धाकट्याच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकंही नव्हतं.

त्याच दिवाळीत धाकट्या सुनेने एक साधी गोष्ट बोलून दाखवली. घरापुरत्या दोन गुंठ्यांतली भाजी ती माहेरी आणि नवऱ्याच्या दुकानातल्या लोकांना वाटायची. त्यातले तिघे-चौघे दर आठवड्याला "आमच्यासाठी आणा, पैसे घ्या" म्हणत होते. "फुकट देतोय तर मागतायत, मग पैसे देऊन घेणार नाहीत का?"

अडचण काय होती

भाजी पिकवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते भाजी आणि पैसा यांच्या मधलं अंतर. भाजीला बी, रोपं, ठिबक, कुंपण हा खर्च आधी येतो, माल दोन महिन्यांनी येतो आणि भाव कुणाच्याच हातात नसतो. मेथीची जुडी एका आठवड्यात 20 रुपये, पुढच्या आठवड्यात 3 रुपये. पीककर्ज सोयाबीनवर आधीच उचललेलं, त्यामुळे नवीन भांडवल आणायचं कुठून हा खरा प्रश्न.

दुसरी अडचण पाण्याची, निदान तेव्हा तरी तीच वाटत होती. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी यांची विहीर फेब्रुवारीतच कोरडी पडली होती. त्यामुळे सगळी आखणी "पाणी कमी पडलं तर काय" या एकाच भीतीभोवती झाली. पाणी जास्त झालं तर काय, हा प्रश्न घरात कुणीच विचारला नाही. पुढे हेच नडलं.

समोरचे पर्याय

पर्याय चार होते, आणि चारही त्यांनी खरोखर तपासले.

पहिला, अडतीवर माल घालणे. ओळखीचा रस्ता. पण 30 गुंठ्यांतला थोडा-थोडा, दहा प्रकारचा माल अडतीवर कुणी नीट बघत नाही. तिथे एकाच भाजीची दहा कॅरेट लागतात.

दुसरा, आठवडी बाजारात स्वतः बसणे. महाराष्ट्र सरकारने जुलै 2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, तेव्हापासून शेतकऱ्याला थेट विकायला आडकाठी नाही. मोठ्या सुनेला हा पर्याय आवडला होता. पण आठवड्यातले तीन दिवस तिचे बाजारातच जाणार होते, मग तोडणी आणि निंदणी कुणी करायची?

तिसरा, मेस. लातूरमध्ये क्लासेससाठी बाहेरगावची हजारो मुलं राहतात, त्यामुळे मेसही भरपूर. थोरला चार ठिकाणी जाऊन आला. मेसवाल्यांना बटाटा, कांदा, कोबी हवा होता, तोही ठोकात, आणि पैसे महिना-दीड महिन्याने. शिवाय परीक्षा संपल्या की मुलं गावी, मागणी शून्य.

चौथा, सभासद पद्धत. हंगामाच्या आधी काही घरांनी पैसे भरायचे, मग दर आठवड्याला रानात जे निघेल त्याचा वाटा त्यांच्या घरी जायचा. जपानमध्ये 1970 च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी असे करार केले, त्याला तिथे तेइकेई म्हणतात. अमेरिकेत 1986 पासून अशा शेती सुरू झाल्या. धाकट्याने मोबाईलवर याचे व्हिडिओ पाहिले होते. त्याच्या मनात एकच गोष्ट भरली: पैसे आधी मिळतात.

या पद्धतीत पैसे आधी मिळतात ते कशाच्या बदल्यात? ग्राहक नुकसानीतही वाटेकरी असतो, म्हणून. व्हिडिओतला हा अर्धा भाग धाकट्याने पाहिला, पण सभासदांना सांगताना तो वगळला गेला. मुद्दाम नाही. "बुडालं तर तुमचंही बुडेल असं सांगितलं तर पैसे कोण देईल?" ही भीती. आम्हाला जो कागद मिळाला त्यावर लिहिलं होतं: 22 आठवडे, दर रविवारी साधारण 5 किलो ताजी भाजी, 5,500 रुपये. वाटा हा शब्द त्यात नव्हता, पाऊस हा शब्दही नव्हता.

आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकीही कुणी विचारलं नाही.

पाडव्याची यादी

मराठवाड्यात सालगडी पाडव्याला धरतात, म्हणून सभासदांची यादीही पाडव्याला पक्की करायची ठरली. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला होता. पैसे मात्र त्याच्या आधीच्या आठवड्यातच जमले: 32 घरांनी पूर्ण, 8 घरांनी निम्मे. एकूण 1,98,000 रुपये. या घरात एवढी रक्कम एका वेळी कधी आली नव्हती.

हा पहिला मोठा निर्णयाचा क्षण. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते, हे प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असतं. थोरल्याने सभासदांच्या पैशातले 62,000 रुपये कर्जखात्यात भरले. त्याचा हिशेब सरळ होता: एप्रिलमध्ये कर्ज नव्याने मिळेल, तेव्हा ते पैसे भाजीकडे वळवू. ठिबकला 38,000 गेले, कारण अनुदान नंतर खात्यावर येतं, आधी पदरचे भरावे लागतात. रोपवाटिकेच्या शेडनेटला 16,000, रानडुकरांसाठी झटका मशीनला 14,000, बियाणं-रोपांना 19,000. एप्रिल उजाडला तेव्हा हातात 49,000 होते आणि पहिली पिशवी जायला अजून तीन महिने होते. नवं पीककर्ज मिळालं, पण ते सोयाबीनच्या पेरणीत आणि मुलीच्या प्रवेशात गेलं.

आजीला जेव्हा कळलं की लोकांनी भाजी न बघता पैसे दिले, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे उचल घेतली की रे."

घरच्यांनी ते हसण्यावारी नेलं. पण आजीच्या तोंडी हा शब्द हलका नव्हता. 1972 च्या दुष्काळानंतर दोन हंगाम ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गेली होती. मुकादमाची उचल घेतली की अंगात ताप असो की पोटात पोर असो, फेडेपर्यंत सुटका नाही. उचल म्हणजे कर्ज, आणि कर्जात पाऊस-पाणी कुणी विचारत नाही. कुटुंबाने पुढचे सहा महिने जे जे केलं ते या एका शब्दाच्या आत राहून केलं, असं मला आज वाटतं.

जमिनीची निवड

भाजीसाठी विहिरीजवळचे 30 गुंठे निवडले. पाइप कमी लागतो, मोटर जवळ, नजर राहते. जमीन खोल काळी, सखल. दुष्काळी वर्षात हीच जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे घरातलं सगळ्यात भारी रान तेच. वरच्या अंगाला मुरमाड पट्टा होता, पाणी झरझर निचरणारा, पण तिथपर्यंत पाइप नेण्याचा खर्च 11,000 येत होता. तो टाळला.

2025 चा मे महिना अवकाळी पावसातच गेला. काळ्या रानात औत घालता येईना, गादीवाफे (पाणी निथळणारे उंच वाफे) पाडायला वाफसा, म्हणजे औत चालण्याइतकी सुकलेली जमीन, मिळेना. शेवटी जूनमध्ये घाईने सपाट वाफ्यांवरच लागवड झाली. बाजूने चर काढायचे राहिले ते राहिलेच. ज्याने काळ्या मातीत शेती केली आहे त्याला इथेच पुढचं दिसेल.

पहिले बारा रविवार

6 जुलैला पहिली पिशवी आली. मेथी, शेपू, कोथिंबीर, गवार, काकडी आणि वहीच्या पानावर धाकट्या सुनेच्या अक्षरात यादी: काय दिलं, कधी तोडलं, त्यावर काय फवारलं. "निंबोळी अर्क, मंगळवारी." पालेभाजीच्या जुड्या अंबाडीच्या ओल्या सालीने बांधलेल्या. बांधावर अंबाडी होती, आजी दर शनिवारी संध्याकाळी ती सोलून बसायची. ती साल सुटायला दोन मिनिटं लागायची, आणि त्या दोन मिनिटांत स्वयंपाकघरात रानाचा ओला वास यायचा.

सेंद्रिय हा शब्द त्यांनी वापरला नाही, आणि तो निर्णय चांगला होता. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेती तपासून मिळणाऱ्या सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, गावात तो जमला नव्हता. शिवाय लागवडीच्या वेळी खताचा एक रासायनिक डोस दिला होता, तोही यादीत लिहिला होता. दोन सभासद त्यावरून कुरकुरले. बाकीच्यांचा विश्वास मात्र त्यानेच बसला.

तांत्रिक चुका होत्या. सगळी भेंडी एकाच दिवशी लावल्यामुळे ऑगस्टमध्ये तीन आठवडे नुसती भेंडी आणि दोडकी. मेथी-कोथिंबीर दर आठ-दहा दिवसांनी थोडी-थोडी टाकायची असते, ते ऑगस्टच्या मध्याला सुरू झालं. पण एकंदरीत लोक खूश होते. औसा रोडवरच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी आठ वाजता छोटा टेम्पो लागला की खाली उतरणाऱ्यांत एक उत्साह असायचा.

सप्टेंबर

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीबद्दल मराठवाड्यात कुणाला वेगळं सांगायला नको. या कुटुंबाच्या सखल 30 गुंठ्यांत पाणी तीन दिवस उभं राहिलं. टोमॅटो आणि मिरची मुळापासून गेली. दोडक्या-कारल्याचा मांडव आडवा झाला. मेथी जागेवर सडली. फक्त वांगी तग धरून होती, तीही पिवळी. वरच्या मुरमाड पट्ट्यातल्या तुरीला मात्र फारसं काही झालं नाही.

26 सप्टेंबरच्या रात्री घरात बैठक झाली. दोन दिवसांनी रविवार. ही या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची रात्र, म्हणून तिथे काय काय बोललं गेलं ते मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारून घेतलं.

धाकटी सून म्हणाली, ग्रुपवर रानाचे फोटो टाकू आणि सांगू की भाजी नाही. मोठी सून म्हणाली, शेजारच्या गावात माळावर एकाची भाजी वाचली आहे, ती विकत घेऊन द्यायची आणि तसं सांगायचं. धाकटा म्हणाला, राहिलेल्या आठवड्यांचे पैसे परत करू. थोरल्याने विचारलं, "कुठून?" त्याला उत्तर नव्हतं, कारण पैसे मार्चमध्येच कर्जखात्यात गेले होते. त्या क्षणी पैसे परत करण्याचा पर्याय बाद झाला, आणि माझ्या मते खरं बोलण्याचा पर्यायही त्याच्याबरोबरच बाद झाला. हातात पैसे असते तर "भाजी नाही" म्हणायला जीभ रेटली असती.

थोरला शेवटी म्हणाला, "आपण लोकांचे पैसे घेतलेत. पिशवी गेलीच पाहिजे." आणि तो पहाटे चारला अडतीवर गेला.

त्या आठवड्यात सगळ्यांचीच भाजी बुडाली होती, भाव कडाडले होते. 40 पिशव्या भरायला जवळजवळ 9,000 रुपये लागले. ते त्याने मेहुण्याकडून हातउसने घेतले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दोन रविवारचे मिळून 17,600 रुपये.

28 सप्टेंबरची पिशवी मी ओट्यावर रिकामी केली. टोमॅटो, फ्लॉवर, मेथी. यादीचं पान नव्हतं. मेथीची जुडी निळ्या रबराने करकचून बांधलेली, आतली पानं काळवंडलेली. मी ती जुडी हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मला कळलं होतं. पण मी विचारलं नाही. मनात आलं, बिचारे अडचणीत असतील, कशाला लाजवायचं.

5 ऑक्टोबरला एका सभासदाने ग्रुपवर लिहिलं: "फ्लॉवर तुमच्या रानात कधी लावला?" एवढंच वाक्य. दोन दिवस त्याला उत्तर आलं नाही. त्या दोन दिवसांत ग्रुपवर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. कुणी म्हणालं पहिल्यापासूनच अडतीचा माल असणार, कुणी फवारणीच्या यादीवरही शंका घेतली. तीन महिन्यांची इमानी मेहनत दोन जुड्यांच्या रबरात अडकली.

पार्किंगमधली बैठक

12 ऑक्टोबरला टेम्पो आला, पण भाजी नव्हती. सगळं कुटुंब होतं, आजीसुद्धा. थोरल्याने हात जोडून सांगितलं: दोन रविवारी अडतीवरून माल आणला, सांगितलं नाही, चुकलं. राहिलेल्या आठ आठवड्यांचे पैसे प्रत्येकाला परत देतो, वेळ द्या. 40 घरांचे प्रत्येकी 2,000 रुपये म्हणजे 80,000. ते कुठून येणार होते ते त्यालाही माहीत नव्हतं.

आमच्यातले एक निवृत्त गुरुजी निलंग्याकडच्या शेतकरी घरातले. ते म्हणाले, "तुम्ही हे उचल घेतल्यासारखं का बोलताय? आम्ही उचल दिलेली नाही. मी तर बटई समजून पैसे दिले. बटईत पीक बुडालं तर दोघांचं बुडतं. पण बटईदाराला रान बुडालं हे लपवून ठेवत नाहीत."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग आजी म्हणाली, "बटईदार रानात येतंय, गुरुजी. तुमी कवा आलाव?"

आवाज चढलेला नव्हता, पण त्या प्रश्नाला आमच्यापैकी एकाकडेही उत्तर नव्हतं. चौदा आठवडे आम्ही पार्किंगमधून पिशवी उचलून वर जात होतो. वीस किलोमीटरवरचं रान 40 पैकी एकाही घराने पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतर काय केलं

9 घरं बाहेर पडली. त्यांचे 18,000 रुपये परत दिले: दोन शेळ्या विकून अर्धे लगेच, उरलेले जानेवारीत तुरीच्या पैशातून. 31 घरं थांबली. 12 ऑक्टोबर धरून चार रविवार पिशवी आली नाही, त्यानंतरचे चार रविवार दीड-दोन किलोची छोटी पिशवी आली: मुळा, पालक, चुका, कोथिंबीर. 30 नोव्हेंबरला पहिला हंगाम ठरल्याप्रमाणे संपला.

मधल्या काळात एक पान अटी लिहिल्या गेल्या. आधी फक्त निम्मे पैसे, बाकीचे महिन्याच्या हप्त्याने. पिशवीत रानातलंच, आणि शेजारच्या शेतकऱ्याचं काही घेतलं तर त्याच्या गावाच्या नावासह यादीत लिहायचं. जमा रकमेतले 10 टक्के वेगळ्या खात्यात, त्याला दोन सभासद आणि धाकटी सून अशा तिघांची सही. सभासदांचा पैसा पीककर्जात जाणार नाही. आणि सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत: "ही बटई आहे. पिकलं तर सगळ्यांचं, बुडालं तर सगळ्यांचं." महिन्यातून एका रविवारी दोन सभासदांनी रानात यायचं, हेही त्यात होतं.

तांत्रिक बाजूला सगळ्यात मोठा बदल म्हणजे 30 पैकी 12 गुंठे वरच्या मुरमाड पट्ट्यात हलवले. जो 11,000 चा पाइप टाळला होता तो आता टाकला. खालच्या रानात गादीवाफे पाडले आणि चारही बाजूंनी चर काढले. चर काढायला गुरुजींसह सहा सभासद आले होते. त्यातल्या दोघांचे हात दुपारपर्यंत फोडांनी भरले.

डिसेंबरमध्ये वेळ अमावस्या आली. लातूर-धाराशिवकडे या दिवशी शहरं ओस पडतात, ज्याला रान नाही तोही कुणाच्या तरी रानात जातो. त्या दिवशी आमच्यापैकी 27 घरं त्यांच्या रानात होती. ज्वारीत कडब्याची कोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले दगड, बिंदग्यात (छोट्या घागरीत) आंबील. भज्जीत पडलेला चुका, मेथी, कांद्याची पात त्याच वाफ्यांतली होती, आदल्या दिवशी आमच्यापैकीच काहींनी खुडलेली. आजीने माझ्या मुलीला अंबाडीची साल सोलायला शिकवलं. पहिल्या पाच-सहा वेळा ती तुटली.

निष्पत्ती

दुसरा हंगाम 7 डिसेंबरपासून पाडव्याच्या आधीच्या रविवारपर्यंत, 15 आठवड्यांचा. 34 घरं, आठवड्याला 280 रुपये. जमा 1,42,800.

इथे घरात पुन्हा वाद झाला, आणि तो पावसाहून कमी महत्त्वाचा नाही. पहिल्या हंगामात सुनांच्या कामाचा एक रुपयाही हिशेबात धरलेला नव्हता. तोडणी, निवडणी, जुड्या, यादी, पिशव्या, सगळं त्यांच्यावर. धाकट्या सुनेने दुसऱ्या हंगामाच्या आधी सांगितलं, दोघींची मजुरी लिहायची, दिवसाला 300 रुपये, आणि ती आमच्या खात्यात जमा करायची. थोरल्याचं म्हणणं, घरच्या माणसाला कसली मजुरी? मोठी सून पहिल्यांदाच दिराच्या बायकोच्या बाजूने उघड बोलली.

मजुरी धरली. 110 दिवस, दोघींचे 66,000. टेम्पोचे 13,500, बाहेरच्या मजुरांचे 12,000, बियाणं-रोपांचे 14,000, बाकी किरकोळ 11,000, जोखीम खात्यात 14,280. सगळं वजा जाता उरले 12,020 रुपये.

थोरल्याला हा आकडा लाजिरवाणा वाटला. मजुरी धरली नसती तर 78,020 दिसले असते. मी त्याच्याशी असहमत आहे. 78,020 हा आकडाच फसवा होता. भाजीवर किती माणसं जगू शकतात हे मजुरी लिहिल्यावरच कळतं, आणि या आकड्यांनुसार ती दोन माणसांना शेतमजुरीइतकं देते, त्याहून फारसं जास्त नाही. 34 घरांवर थोरल्याचा स्वतःचा पगार यातून निघत नाही. 55-60 घरं झाली तर निघेल, पण तेवढ्यांना 30 गुंठे पुरणार नाहीत. हा प्रश्न आज सुटलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या वर्षी 40 ऐवजी 15 घरं घेऊन सुरुवात झाली असती तर चुका लहान राहिल्या असत्या. पैसे दोन टप्प्यांत आणि वेगळ्या खात्यात असते तर 26 सप्टेंबरच्या रात्री थोरल्यासमोर खरं बोलण्याची वाट उघडी राहिली असती. एक हंगाम विनाठिबक, साध्या सऱ्यांवर काढला असता तरी चाललं असतं, पण चर काढायचे टाळायला नको होते. मोठ्या सुनेचा त्या रात्रीचा सल्ला, शेजारच्याची भाजी घ्यायची आणि सांगायचं, हा चारही पर्यायांत सगळ्यात शहाणा होता. तो का मागे पडला हे विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझं कुणी ऐकलं असं वाटलं का तुम्हाला?"

सभासदांनीही पहिल्याच कागदावर विचारायला हवं होतं की भाजी आली नाही तर काय. आणि मी ती निळ्या रबराची जुडी पाहिली त्याच सकाळी थोरल्याला फोन करायला हवा होता. ग्रुपवर नाही, एकटीने. एक रविवार तरी वाचला असता.

नव्या पाडव्याच्या यादीत 38 घरं आहेत. बाहेर पडलेल्या 9 पैकी 3 परत आली. "फ्लॉवर कधी लावला" असं विचारणारे त्यात नाहीत. त्यांना एकदा फोन करून या म्हणावं, असं आजीने थोरल्याला दोनदा सांगितलं आहे. त्याने अजून केलेला नाही.